धावणाऱ्याचे घर



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्यासमोर बसून मी अक्षरे गिरवली आहेत. त्यांची एक सवय माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले तरी ते लगेच शाबासकी देत नसत. ‘का बरे?’ असे विचारीत आणि मग थांबत. त्या थांबण्याची आम्हांला फार भीती वाटे. परंतु त्यांच्या प्रश्नात आमची फजिती करण्याचा हेतू कधीच नसे. मुलगा काय सांगतो ते त्यांना खरोखरीच ऐकायचे असे. आजचे माझे सगळे बोलणे त्या एका ‘का’भोवती फिरणार आहे.

विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. उभे आयुष्य संतवाङ्मय शिकवण्यात गेलेल्या माणसाने मॅरेथॉन, लांब पल्ल्याची सायकल, समुद्रातले पोहणे यांवर बोलावे, हे वयोमानानुसार झालेले विषयांतर आहे, असेही कोणी म्हणेल. मी या खेळांचा जाणकार नाही. असा खेळ आरंभणाऱ्या माणसाच्या घरात काय घडते, त्याचे आप्तेष्ट आणि मित्र त्याच्याशी कसे वागतात, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. आणि या विषयाकडे मला कोणत्याही ग्रंथाने नेलेले नाही, माझ्या सुनेने नेले आहे.

सून शिक्षिका आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने धावायला प्रारंभ केला. पहाटे साडेचारला दाराची कडी हळूच वाजायची, अंगणातला कुत्रा एकदा भुंकून गप्प व्हायचा आणि रस्त्यावर तिच्या पावलांचा आवाज दूर जायचा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणापलीकडून विचारले, ‘कित्याक?’ दुसऱ्या आठवड्यात नातेवाइकांचे दूरध्वनी आले. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः बोललो. ‘सूनबाई, घरातली कामे कमी पडली काय?’ असे माझे शब्द होते. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कडी वाजली, पण अर्धा तास आधी, आणि ती परतली तेव्हा माझा चहा नेहमीच्या वेळेआधी तयार होता. माझ्या वाक्याला तिने दिलेले ते उत्तर होते, हे समजायला मला बरेच महिने लागले.

घरची माणसे असे का बोलतात? ती दुष्ट असतात म्हणून खचित नव्हे. आपल्याकडील गावांत शरीरकष्टांची वाण कधीच नव्हती. माझी आई डोंगरावरून काजूबियांची पाटी डोक्यावर घेऊन उतरे. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या बायका काळोखात घर सोडीत. या माणसांना चालणे म्हणजे ओझे पोचवणे, पळणे म्हणजे पाऊस येण्याआधी वाळवण आत घेणे. डोक्यावर भारा नसताना, पाठीमागे कोणी लागलेले नसताना, केवळ पळून पुन्हा आपल्याच दारात यायचे, हा प्रकार त्यांना निरर्थक वाटला तर त्यांचे काय चुकले? ज्याने पोटासाठी घाम गाळला, त्याला हौसेचा घाम ही श्रीमंती वाटते, आणि थोडीशी थट्टाही.

परंतु लांब पल्ल्याच्या धावण्याचा आपल्याकडील इतिहास या कष्टकरी माणसांपासूनच सुरू होतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धांत शेतकरी वर्गातील मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटा यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातात हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. चार धावपटू आणि दोन मल्ल, एवढाच तो संघ. त्यात आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी बेळगावकडच्या एका घरातून एक तरुण पळण्यासाठी साता समुद्रांपलीकडे निघाला, तेव्हा त्या घराच्या ओटीवर काय बोलणे झाले असेल, असे मला नेहमी वाटते. इतिहास वेळ नोंदवतो, क्रमांक नोंदवतो. ओटीवरचे बोलणे मात्र कोणी टिपून ठेवत नाही.

मित्रमंडळींची तऱ्हा घरापेक्षा निराळी. ती आधी हसतात. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष व्यायाम, पोहणे आणि नौकानयन यांत घालवले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, हे आपण सर्व जाणतो. आज ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, कारण पुढचे टिळक आपल्याला ठाऊक आहेत. त्या वर्षी मात्र ‘वर्ष फुकट घालवले’ असेच कोणीही म्हटले असते. मित्रांच्या हसण्यात पुष्कळदा एक लपलेली रुखरुखही असते. संध्याकाळच्या गप्पांतून एक गडी लवकर उठून जातो, ताटातले गोड बाजूला सारतो, तेव्हा त्याने आपल्यालाच काही सुनावले असे बाकीच्यांना वाटू लागते. तो बिचारा कोणाला काही म्हणत नाही; पण त्याचे उठून जाणे बोलत असते.

धावणारी व्यक्ती स्त्री असली म्हणजे हसण्याची जागा संताप घेतो. आणि हे केवळ आपल्याच खेड्यांत घडते असे समजू नका. अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉन ही जुनी आणि नामांकित शर्यत. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणीने तीत भाग घेण्यासाठी अर्ज केला. स्त्रियांना एवढे अंतर धावणे शरीरतः शक्य नाही, असे उत्तर तिला आले. ती कॅलिफोर्नियातून बसने प्रवास करून आईवडिलांच्या घरी पोचली आणि तिने आपला बेत सांगितला. मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे वडिलांना वाटले, ते रागावले. शेवटी आईने तिला मोटारीत घातले आणि शर्यतीच्या आरंभस्थानी नेऊन सोडले. मुलगी झुडपांआड लपून राहिली, शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरली आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत तिने अंतर पुरे केले. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला त्यानंतर १९८४ साल उजाडावे लागले. या कथेत मला पळणाऱ्या मुलीइतकीच मोटार चालवणारी आई महत्त्वाची वाटते. मुलीचे म्हणणे तिला पूर्ण पटले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. तिने गाडी बाहेर काढली.

आपल्याकडेही हे दार हळूहळू उघडले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली आणि दहावी आली. पदके आली की गाव कमान उभारते. पण पदक येण्याआधीची दहा वर्षे ज्या घराने काढली, त्या घराला कमान कोणी उभारत नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या विषयाकडे वळतो, कारण माझ्या मनातला गुंता तेथेच सुटला. आपल्या पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतून दरवर्षी पायी दिंड्या पंढरपुरास जातात. आषाढाच्या तोंडावर, पावसापाण्याचे, माणसे घर सोडतात. पाय सोलतात, खांदे भरून येतात, रात्री मिळेल त्या शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकावी लागते. शारीरिक कष्टांच्या हिशेबाने पाहिले तर मॅरेथॉनहून हे काम हलके नाही. तरीही वारीस निघालेल्या माणसाला आजवर कोणी ‘कित्याक?’ म्हणून विचारले आहे काय? उलट त्याच्या पाया पडतात. कोणी त्याच्या हातात नाणे ठेवते आणि ‘माझाही नमस्कार सांग’ म्हणते. तो परतला की बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद घरोघर जातो.

अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की याचे कारण भक्ती हे आहे. ते खरेच आहे. पण ते पुरे नाही, असे मला आता वाटते. वारकरी निघतो तेव्हा घरी राहणाऱ्या प्रत्येकाचे काहीतरी त्याच्याबरोबर जाते. म्हातारीचे नाणे जाते, आजाऱ्याचा नवस जातो, शेजाऱ्याचा नमस्कार जातो. त्याच्या पायांत सगळ्या वाडीचा वाटा असतो. म्हणून त्याच्या पायांचे दुखणे वाडीला परके वाटत नाही. पहाटे एकटाच उठून धावणारा माणूस आपल्याबरोबर कोणाचेच काही नेत नाही. निदान घरच्यांना तसे वाटते. ‘कित्याक?’ या प्रश्नाखाली खरा प्रश्न दडलेला असतो: ‘यात आमचे काय?’

हा प्रश्न क्षुद्र नव्हे. ज्यांना त्याचे उत्तर मिळाले, त्या घरांत काय झाले ते पाहा. बारामतीजवळ राहणाऱ्या लता करे या साठी ओलांडलेल्या कष्टकरी बाईंनी पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी, बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात भाग घेतला आणि त्या पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली. शर्यतीचे अंतर तीन किलोमीटरचे. तिला कोणी सहनशक्तीचा खेळ म्हणणार नाही. पण त्या बाईंचे पळणे घरासाठी होते, त्यामुळे ‘कित्याक’ला जागाच उरली नव्हती.

सर्वांवर अशी वेळ येऊ नये. संकटाशिवायही वाटा देता येतो. मिलिंद सोमण यांचे नाव आपणांस परिचित आहे. २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी झुरिक येथील आयर्नमॅन ही स्पर्धा पुरी केली. तीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन एकाच दिवसात करावी लागते. पण महाराष्ट्राच्या लक्षात राहिले ते दुसऱ्याच वर्षीचे दृश्य. लेक रस्त्यावरून लांबची दौड करीत असताना पंचाहत्तरी गाठलेल्या उषा सोमण साडी नेसून, अनवाणी, त्याच्या शेजारून धावू लागल्या. थोडेसेच अंतर त्यांनी काढले असेल. मात्र त्या काही पावलांनी लेकाची दौड घराची झाली.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१५ साली या दोघांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. या शर्यतीत सायकलस्वाराबरोबर साहाय्यकांची गाडी असावीच लागते. कोणी वाट दाखवायची, कोणी अन्नपाणी द्यायचे, कोणी सायकल दुरुस्त करायची, कोणी झोपेचा हिशेब ठेवायचा. स्पर्धेच्या नियमांनीच मान्य केले आहे की एवढे अंतर एकटा माणूस काटत नाही. घराघरांतील शर्यतींनाही हाच नियम लागू आहे. तो कोठे छापलेला नसतो, इतकेच.

येथे धावणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत, नाहीतर मी सुनेचा वकील होऊन आलो असे होईल. घरच्यांच्या तक्रारी पुष्कळदा रास्त असतात. शर्यतीत माणूस कोसळल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. आईच्या पोटात गोळा येतो तो उगीच नव्हे. वैद्यकीय तपासणी करून घेणे हे धावणाऱ्याचे घराप्रती पहिले कर्तव्य आहे. सायकलींच्या किमती सामान्य संसाराला न पेलणाऱ्या असतात. रविवारची सकाळ सरावात आणि दुपार झोपेत गेली, तर मुलांच्या वाट्याला काय उरते? आणि जेवताना रोज किलोमीटर, नाडीचे ठोके नि बुटांच्या जातीच ऐकाव्या लागल्या, तर ऐकणाऱ्याचीही सहनशक्ती पणाला लागतेच. वारकरी घरादाराला विचारून, शेतीची व्यवस्था लावून निघतो. घराचा निरोप घेतल्याशिवाय निघालेली वारी ही पळवाट ठरते. खेळाचेही तसेच आहे.

आता शेवटचा प्रसंग सांगतो आणि थांबतो. २०१९ सालापासून आपल्या गोव्यात आयर्नमॅनच्या अर्ध्या अंतराची स्पर्धा होऊ लागली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचे. एकूण मुदत साडेआठ तासांची, आणि प्रत्येक टप्प्याला आपापली मर्यादा. २०२३ च्या ऑक्टोबरात माझी सून तीत उतरली. मी जाणार नव्हतो. ‘ऊन सोसत नाही’ असे मी कारण दिले. माझी पत्नी शाळेत फार शिकलेली नाही, पण त्या पहाटे तिने डब्यात पेज भरली, वर लोणच्याची फोड ठेवली आणि मला म्हणाली, ‘तुम्ही वारीवर एवढे बोलता, एकदा कोणाला पोचवायला तरी चला.’ पीएच. डी.च्या तोंडी परीक्षेतही मी इतका निरुत्तर झालो नव्हतो.

मिरामारला आम्ही उभे राहिलो. पाण्यातून माणसे बाहेर येत होती; सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, त्यांतून आपले माणूस ओळखता येईना. पत्नीने तिला चालीवरून ओळखले. ती धावत सायकलीकडे गेली तेव्हा पत्नी ओरडली, ‘सांबाळून गो!’ त्यानंतर तास गेले. माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ लेकाची वाट पाहत होते. ‘हे सगळे कशासाठी, सांगा पाहू,’ असे ते मला म्हणाले आणि मी त्यांना उत्तर देऊ लागलो. बोलता बोलता लक्षात आले की मी सुनेची बाजू मांडतो आहे. तीही पहिल्यांदाच, आणि एका परक्यापुढे.

ती सायकलीवरून परतली तेव्हा त्या टप्प्याची मुदत सरून गेली होती. वाटेत चाक पंक्चर झाले होते. पुढे धावण्याची अनुमती मिळाली नाही. तिने शिरस्त्राण काढले आणि पत्नीच्या खांद्यावर डोके ठेवून ती रडली. माझ्याकडे आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, ‘बाबा, नाही जमले.’ मी पुन्हा काही बोलेन अशी तिला धास्ती असावी. ती धास्ती मीच दोन वर्षे पेरली होती. मी डबा उघडून तिच्या हाती दिला. तिथेच वाळूच्या कडेला बसून तिने पेज प्यायली. मग मी विचारले, ‘कशासाठी करतेस हे? मला खरेच सांग.’ गुरुजी थांबत तसा मी थांबलो.

ती म्हणाली, ‘बाबा, दिवसभर मी कोणाची तरी शिक्षिका असते, कोणाची तरी आई, कोणाची तरी सून. ते मला जड वाटत नाही. पण पहाटेच्या त्या तासाभरात मी माझ्या पायांची असते. मग दिवसभर तुम्हां सगळ्यांची होणे सोपे जाते.’

माझ्या घराचा वाटा कोठे होता, ते मला त्या दिवशी कळले. रोज सकाळी वेळेआधी येणाऱ्या चहाच्या कपात तो होता आणि मी तो निमूटपणे पीत होतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या धावू लागेल, कोणी डोंगर चढेल, कोणी नदीत लांब पोहू पाहील. घरचे विचारतील, ‘कित्याक?’ त्या प्रश्नाचा राग मानू नका. त्यात काळजी असते आणि वाटा मागण्याचा हक्कही असतो. शांतपणे उत्तर द्या. आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांना एवढेच सांगतो, हा प्रश्न जरूर विचारा, पण विचारून झाल्यावर थांबा. अडवण्यासाठी विचारलेला ‘का’ आणि जाणण्यासाठी विचारलेला ‘का’ यांची अक्षरे एकच असतात. फरक असतो तो पुढच्या थांबण्यात. आमच्या गुरुजींनी मला तो फरक बालपणीच शिकवला होता. मी तो धडा साठ वर्षे विसरलो आणि सत्तरीनंतर सुनेकडून पुन्हा शिकलो, याची कबुली त्यांच्या स्मृतीसमोर देणे मला आवश्यक वाटले.

सून अजून पहाटे धावते. वळणापर्यंत मी विजेरी घेऊन जातो. तिथून ती पुढे जाते आणि मी परत फिरतो. चहा आता मी करतो.